उशिरा सरकलेली टेप

टेपबाईंचा राग नाकावर नसतो. नाकावरचा राग शिंकेसरशी निघून जातो, असं त्या स्वतःच म्हणतात. त्यांनी आपला राग नीट घडी घालून ठेवला होता आणि सहा वर्षं त्या तो अधूनमधून काढून, ऊन दाखवून, परत जागच्या जागी ठेवत होत्या. हा सगळा राग एकाच माणसावर होता. शहराच्या हवा तपासणाऱ्या खात्यातले मोठे साहेब, ज्यांच्या हाताखाली त्या चौदा वर्षं नोकरी करत होत्या. रोज सकाळी त्या साहेबांना नमस्कार करायच्या, आणि मनात म्हणायच्या, थांबा जरा.

टेपबाई हे नाव खात्यातल्यांनी पाडलेलं. शहरात पाच ठिकाणी, उड्डाणपुलाखाली, इस्पितळाच्या गच्चीवर, मंडईच्या मागे, अशा लोखंडी केबिन आहेत. प्रत्येक केबिनमध्ये एक यंत्र दिवसरात्र बाहेरची हवा ओढतं आणि बोटभर रुंदीच्या पांढऱ्या टेपमधून गाळतं. हवा निघून जाते, मळ मागे राहतो, आणि टेपवर शर्टाच्या बटणाएवढा ठिपका उमटतो. ठिपक्याच्या वर एक दिवा, खाली उजेड मोजणारा डोळा. हवेत धूळ शंभर प्रकारची असते, पण बाकीची बहुतेक धूळ उजेड नुसता इकडेतिकडे उधळते. काजळी उधळत नाही, गिळते. धुरातला तो अर्धवट जळलेला कण नुसत्या डोळ्याला दिसणारही नाही इतका बारीक, पण उजेड समोर आला की त्याचा घास घेतो आणि स्वतः तापतो. वरच्या दिव्याचा उजेड खाली किती कमी पोचला, त्यावरून हवेत काजळी किती ते यंत्र सांगतं. ठिपका ठरवल्याइतका काळा झाला की टेप आपोआप पुढे सरकते आणि कोरा भाग दिव्याखाली येतो. रोल संपला की टेपबाई नवा घालायच्या, जुन्यावर तारीख लिहायच्या आणि भांडारात जमा करायच्या. नियमाप्रमाणे तो तिथे पंधरा वर्षं राहतो.

बाई बदलते फक्त टेप, तिला काय कळतंय, असं खात्यातल्या शिकलेल्या मंडळींचं मत होतं. टेपबाईंनी ते कधी खोडून काढलं नाही. ज्याला काही कळत नाही असं लोकांना वाटतं, त्याच्यासमोर लोक बरंच काही बोलून जातात.

त्यांचा नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. डेपोची मोठी शेड तिन्ही बाजूंनी बंद, आणि खाली जमिनीत लांबट खड्डे, ज्यात उतरून हे लोक गाडीचं पोट उघडतात. सकाळी पन्नास बस एकदम चालू करून ठेवायच्या, कारण गार इंजिनाने निघालेली गाडी चौकात बंद पडते आणि मग वरून शिव्या येतात. तो सगळा धूर शेडमध्येच कोंडायचा, आणि खड्ड्यात उभ्या असलेल्या माणसाचं डोकं नेमकं सायलेन्सरच्या पातळीला यायचं. नवरा घरी आला की नाक शिंकरायचा आणि रुमाल बायकोला दाखवायचा. "बघ, तुझ्या खात्याला नमुना देऊ का?" असं विचारून हसायचा. टेपबाईही हसायच्या. त्या हसण्याची आठवण त्यांना पुढे फार जाचली.

अकरा वर्षांपूर्वी कामगारांनी तक्रार केली, की शेडमध्ये धूर ओढून बाहेर टाकणारे पंखे बसवा. डेपोच्या वरिष्ठांनी हवा-तपासणी खात्याला सांगितलं, आधी मोजा. तीन आठवडे शेडमध्ये यंत्र बसलं. ते सांभाळायला साहेबांनी टेपबाईंनाच पाठवलं, कारण डेपो त्यांच्या ओळखीचा, आणि त्यांच्या पाच केबिन तेवढ्यापुरत्या दुसऱ्या पाच जणांना वाटून दिल्या. तीन आठवड्यांनी साहेबांच्या सहीने अहवाल गेला, काजळी मर्यादेच्या आत आहे. पंखे आले नाहीत. नवरा म्हणाला, "चला, तुझ्या यंत्राने सांगितलंय म्हणजे माझी छाती ठणठणीत असणार." त्यानंतर तीन वर्षांनी एका सकाळी तो खड्ड्यात उतरला आणि वर आला तो चौघांच्या हातांवर. हृदय बंद पडलं होतं. वय सेहेचाळीस. डॉक्टर तोंडाने म्हणाले, की इतकी वर्षं असा धूर खाल्ला की तो रक्तात उतरतो, हृदयाला सोडत नाही. कागदावर मात्र त्यांनी धुराचं नाव घातलं नाही.

तेव्हाही टेपबाईंचा कोणावर राग नव्हता. रडल्या, सावरल्या, कामावर आल्या. घरी आता त्या आणि सासूबाई, दोघीच. एकुलता एक मुलगा गेलेली आई आणि त्याची बायको एका घरात राहतात तेव्हा पहिल्या वर्षी एकमेकींशी फार जपून बोलतात. दुसऱ्या वर्षी जरा मोकळं होतं. टेपबाई मोकळ्या व्हायला लागल्या होत्या, तेवढ्यात यंत्र विकणाऱ्या कंपनीने नव्या यंत्राचं शिक्षण द्यायला एक मुलगी पाठवली.

ती पोरगी फार हुशार होती, आणि समजावण्यात तिचा हातखंडा होता. तिने टेपवरचे दोन ठिपके दाखवले, एक राखाडी आणि एक कुळकुळीत. म्हणाली, "जुन्या यंत्रांत हा घोळ होता. ठिपका फार काळा झाला ना, की वरून पडणारी नवीन काजळी जुन्या काजळीच्या सावलीत जाते. काळ्या कपड्यावर शाईचा आणखी एक थेंब पडला तर कोणाला दिसणार? दिव्याचा उजेड आधीच गिळला गेलाय, नव्या कणाने काय गिळायचं? यंत्राला वाटतं हवा सुधारली. म्हणून टेप वेळेवर सरकली पाहिजे. उशिरा सरकवली तर जिथे हवा सर्वांत घाण, तिथेच यंत्र सर्वांत जास्त खोटं बोलतं."

टेपबाईंनी विचारलं, "उशिरा सरकवली तर किती फरक पडतो?"

"डेपोसारखी जागा असेल तर अर्धीच काजळी दाखवेल," पोरगी म्हणाली. डेपो हे नाव तिने सहज उदाहरण म्हणून घेतलं होतं.

टेपबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण डेपोत यंत्र बसलं होतं तेव्हाची ती सकाळ त्यांना लख्ख आठवली. टेपचे रोल संपत आले होते, नवे यायला दोन महिने होते. साहेब दारातून आत डोकावून म्हणाले होते, "टेप फार लवकर सरकतेय. काळेपणाचा आकडा वाढवा, जरा उशिरा सरकू दे." लेखी काही नाही. आणि टेपबाईंनी डेपोच्या यंत्रात आपला कोड घालून तो आकडा वाढवला होता. त्याने काय होतं हे त्यांनी विचारलं नाही. साहेबांना ते माहीत असायला हवं होतं. त्यांची पदवीच त्यातली.

त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी सासूबाईंना सांगितलं, की साहेबांनी डेपोच्या यंत्रात चुकीचा आकडा घालायला लावला, म्हणून अहवाल खोटा निघाला, म्हणून पंखे आले नाहीत. घालायला कोणाला लावला, हे त्यांनी सांगितलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "त्याला सोडू नकोस." तेव्हापासून त्या घरात दोघींचं जे काही सख्य होतं ते या एका गोष्टीवर उभं होतं. जेवताना सासूबाई विचारायच्या, "आज काय म्हणाला तो?" आणि टेपबाई साहेबांचे दिवसभरातले सगळे नखरे सांगायच्या, नवीन चष्मा, नवीन गाडी, नवीन कौतुक. सासूबाई ऐकायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "वाढू दे अजून. उंचावरून पडला की जास्त लागतं."

सहा वर्षं टेपबाई गप्प का राहिल्या, असं कोणी विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, संधी मिळाली नाही. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. यंत्राच्या पोटात प्रत्येक बदलाची नोंद राहते, तारीख, वेळ आणि बदलणाऱ्याचा कोड. साहेबांना ओढायला गेलं की आधी आपला कोड बाहेर येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

यंदा कामगारांनी पुन्हा तक्रार केली. डेपो आता वाढला होता, शेड चारही बाजूंनी बंद झाली होती. बाहेरच्या तीन माणसांची समिती नेमली गेली, अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई. आणि साहेबांनी समितीपुढे काय ठेवलं? तोच अकरा वर्षांपूर्वीचा अहवाल. पूर्वीही मोजलं होतं, मर्यादेच्या आत होतं, आता तर गाड्याही नव्या आहेत, पंख्यांची गरज नाही. अहवालाची प्रत काढून द्यायचं काम टेपबाईंकडेच आलं. त्या पानावरची सही बघून त्यांना कळलं, की ज्या अहवालापायी नवरा गेला, तोच या माणसाने आता दुसऱ्यांदा कामाला लावलाय.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. टेपबाईंना कामगारांची काळजी होती, नाही असं नाही. पण त्यांना हवं होतं ते साहेबांचं तोंड भर सभेत पांढरं पडलेलं बघायला. पंखे बसले असते तरी चाललं असतं, न बसले असते तरी चाललं असतं. तोंड मात्र पांढरं पडायलाच हवं होतं.

त्यांनी भांडारातून डेपोचा तो रोल काढला. तीन आठवड्यांचे ठिपके मोजले. दिवसाला चाळीसेक ठिपके पडायला हवे होते, पडले होते पाच. एकूण एकशे सहा, सगळे डांबरासारखे. यंत्रातल्या आकड्यांचा आलेख काढला तर तो करवतीच्या दातांसारखा निघाला. प्रत्येक कोऱ्या ठिपक्यावर काजळीचा आकडा एकदम वर, मग हळूहळू खाली, टेप सरकली की पुन्हा वर. हवा अशी दिवसातून पाच वेळा सुधारत नसते. प्रत्येक ठिपक्याचा पहिला कोवळा भाग तेवढा खरा मानून त्यांनी हिशेब मांडला. खरी काजळी अहवालातल्या काजळीच्या दुप्पट होती, आणि मर्यादेच्या बरीच वर.

भांडारातला रोल हलला की साहेबांना कळतं. त्यांनी टेपबाईंना बोलावून घेतलं, समोर बसवलं, चहा मागवला. इतक्या वर्षांत प्रथमच.

"बाई, तुम्ही जुना रोल काढलात म्हणे."

"हो साहेब."

"चांगलंय. पण त्या यंत्रात आकडा कोणी बदललाय, बघितलंत का?" साहेबांनी कपात साखर ढवळली. "मी काल नोंद बघितली. तुमचा कोड आहे."

"तुम्ही सांगितलंत म्हणून बदलला."

"मी? मला नाही आठवत. लेखी काही आहे का?" ते अगदी मायेने बोलत होते. "हे बघा, चूक कोणाकडूनही होते. मी कोणाचं नाव घेणार नाही. पण तुम्हीच विषय काढलात तर मला नाव घ्यावं लागेल. आणि सुनावणीला तुमच्या सासूबाईही येणार आहेत, असं ऐकलं. त्यांच्यासमोर हे बरं दिसेल का?"

टेपबाईंनी चहाला हात लावला नाही. उठल्या आणि निघून आल्या. साहेबांना वाटलं, झालं काम, बाई मूग गिळून बसणार. पण सुडाने पेटलेल्या माणसाला धमकी द्यायची असते तेव्हा जरा विचार करून द्यावी. साहेबांनी न मागता सांगून टाकलं होतं, की त्यांना नोंदींची भीती वाटते. टेपबाईंनी विचार केला, रोल तर सगळीकडचेच संपत आले होते. मग साहेब एकाच दारातून डोकावले असतील कशाला?

पुढचा आठवडा त्या टेप बदलायच्या निमित्ताने एकेका केबिनमध्ये गेल्या. बाकीच्या पाचही जागी नवं यंत्र आलं होतं, पण जुनं तिथेच कोपऱ्यात, धूळ खात. प्रत्येक जुन्या यंत्राला वीज जोडायची, पोटातली नोंद उतरवून घ्यायची. इस्पितळाच्या गच्चीवर त्या दुपारी बाराला उभ्या होत्या. डोक्यावर सूर्य असूनही शहरावर ऊन असं नव्हतंच. घरांच्या वर मळकट तपकिरी थर बसला होता, आणि त्यातली काजळी वरचं ऊन वाटेतच खाऊन, तापून, तिथेच रेंगाळली होती. चौदा वर्षं त्या हे बघत आल्या होत्या. त्या दिवशी त्यांना त्या थराचा विशेष राग आला नाही. त्यांच्या हातात नोंदीचा कागद होता आणि त्यावर तीच तारीख होती.

राहता राहिलं घरचं. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या.

"आई, एक सांगायचंय," टेपबाई म्हणाल्या.

"उद्या सांग. सगळ्यांसमोर सांग," सासूबाई म्हणाल्या. "मला पुढच्या रांगेत बसव म्हणजे झालं. त्याचं तोंड मला नीट दिसलं पाहिजे."

"त्यात माझंही…"

"तुझ्याच जोरावर तर आलोय इथवर," सासूबाई म्हणाल्या आणि निवडलेली भाजी त्यांच्या हातात दिली. टेपबाई भाजी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. बोलायला आणखी दोन तास होते, बोलल्या नाहीत.

सुनावणी डेपोच्या कँटीनमध्ये झाली. पन्नासेक कामगार, समितीचे तिघे, साहेब त्यांच्या शेजारी, आणि पुढच्या रांगेत सासूबाई, पाठ ताठ. साहेबांनी अहवाल वाचला. मग टेपबाई उठल्या, रोल टेबलावर ठेवला आणि एक टॉर्च काढून साहेबांपुढे धरली.

"साहेब, जरा धराल का? मला दोन्ही हात लागणार आहेत."

भर सभेत नाही कसं म्हणणार? साहेबांनी टॉर्च धरली. टेपबाईंनी आधी कोरी टेप तिच्यासमोर ताणली. उजेड आरपार आला, पलीकडच्या भिंतीवर पडला. मग त्यांनी डेपोतला ठिपका समोर आणला. भिंतीवर काही नाही. दुसरा ठिपका, तिसरा, चौथा. पाचव्या ठिपक्याला मागच्या बाकांवरून कोणीतरी म्हणालं, "हे आम्ही खाल्लं होय?" टेपबाईंनी सावलीतल्या काजळीचं गणित साध्या भाषेत सांगितलं, करवतीच्या दातांचा आलेख न्यायाधीश बाईंपुढे ठेवला आणि खरा आकडा सांगितला. साहेबांचा हात अजून टॉर्च धरून होता. ती ठेवायची कुठे हे त्यांना सुचत नव्हतं.

मग त्यांनी अपेक्षेप्रमाणे तोंड उघडलं. "टेप उशिरा सरकवण्याचा आकडा कोणी घातला, तेही सांगा ना बाई. नोंद आहे."

"मी घातला," टेपबाई म्हणाल्या. "कोड माझा आहे. सकाळी दहा वाजून वीस मिनिटं."

टेपबाईंनी पुढच्या रांगेकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं जमलं नसतं.

"आणि हा बाकीच्या पाच यंत्रांचा कागद," त्या म्हणाल्या. "उड्डाणपूल, इस्पितळ, मंडई, शाळा, पाण्याची टाकी. पाच वेगळी माणसं, पाच वेगळे कोड. सगळ्यांनी तोच आकडा घातलाय. त्याच दिवशी, दहा ते अकराच्या मध्ये. सहा माणसांच्या डोक्यात एका तासात एकच खूळ येत नाही, बाईसाहेब. ते कोणाच्या तरी तोंडून येतं."

न्यायाधीश बाईंनी सहा कागद शेजारी शेजारी लावले आणि चष्म्यावरून साहेबांकडे बघितलं. "त्या सहाही जणांना आदेश देऊ शकेल असा खात्यात तेव्हा कोण होता?"

साहेबांचं तोंड पांढरं पडलं. अगदी हवं तसं, सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत. टेपबाईंनी ते पोटभर बघितलं. खोटं कशाला बोला, त्यांना फार बरं वाटलं. अहवाल त्याच दिवशी रद्द झाला, साहेबांची चौकशी लागली, त्यांचं निवृत्तीच्या वेळचं कौतुक बारगळलं, आणि महिन्याभरात शेडमध्ये पंखे फिरायला लागले. टेपबाईंना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी सही करून घेतली.

सुनावणीहून घरी येताना सासूबाई चार पावलं पुढे चालत होत्या. टेपबाईंना वाटलं, रडतील, ओरडतील, सामान बांधून भाचीकडे जातील. यातलं काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी नेहमीसारखा दोघींचा चहा केला, समोर बसल्या आणि विचारलं,

"तो आकडा घालायला किती वेळ लागला?"

"अर्धं मिनिट."

"आणि विचारायला किती लागला असता? हे कशाला, एवढंच विचारायला?"

टेपबाईंनी मान खाली घातली. "तेवढाच."

सासूबाईंनी मान हलवली आणि चहा प्यायल्या. आवाज चढला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. टेपबाईंनी तो चेहरा ओळखला. सहा वर्षं साहेबांना नमस्कार करताना त्यांचा स्वतःचा चेहरा तसाच असायचा. साहेब तर आता संपले होते, आणि सासूबाईंना इतक्या वर्षांची सवय अशी एका दिवसात मोडता येणार नव्हती. माफी मागावी असं टेपबाईंच्या मनात आलं, पण त्यांनी मागितली नाही. साहेबांनी मागितली असती तर आपण दिली नसती, हे त्यांना माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी चहा दिला आणि विचारलं, "तो आकडा घालायला किती वेळ लागला?" चौथ्या दिवशीही विचारलं. या गोष्टीला आता सात महिने झाले. सासूबाईंची तब्येत उत्तम आहे. त्या रोज विचारतात, आणि टेपबाई रोज खरं उत्तर देतात.